चिंतामणराव देशमुख : अर्थमंत्र्याचा राजीनामा आणि आपला सीमाभाग

चिंतामणी हे गणरायाचेच एक नाव. अष्टविनायकांतला थेऊरचा गणपती याच नावाने ओळखला जातो. ज्या मराठी माणसाने स्वतंत्र भारताच्या तिजोरीची चिंता सहा वर्षे वाहिली, त्याचेही नाव चिंतामण असावे, हा एक गोड योगायोग. सर चिंतामण द्वारकानाथ देशमुख म्हणजे आपल्या आईवडिलांच्या पिढीचे 'सी. डी.'. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून त्यांचे नाव बेळगाव, खानापूर, निपाणी भागात असंख्य वेळा घेतले गेले. 'महाराष्ट्रासाठी दिल्लीचे मंत्रिपद लाथाडणारा मराठी माणूस' एवढी त्यांची ओळख आपल्याकडे पक्की आहे. पण त्या एका दिवसाआधीची सदतीस वर्षांची कारकीर्द आपल्याला फारशी माहीत नसते. ती समजून घेतल्याशिवाय राजीनाम्याचा खरा अर्थही कळत नाही, आणि त्या राजीनाम्याशी सीमाभागाचे नाते नेमके काय, हेही उलगडत नाही.

रोह्यापासून नागपूरपर्यंत

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी, संक्रांतीच्या सुमारास, रायगडाच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील वकील होते. बालपण कुलाबा जिल्ह्यातल्या रोह्याला गेले. १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. त्या काळी मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बेळगाव-धारवाडपासून कराचीपर्यंतची मुले बसत असत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या 'पहिल्या'ची किंमत कळते.

पुढे ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले. तिथे त्यांनी अर्थशास्त्र घेतले नाही. वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते, आणि वनस्पतीशास्त्रात त्यांनी पारितोषिकही मिळवले. १९१८ साली लंडनला झालेल्या आय.सी.एस.च्या परीक्षेत ते पहिले आले. याच सुमारास लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठी लंडनला होते. सरकारी चाकरी करावी की देशकार्यात पडावे, या विचारात असलेल्या या तरुणाला लोकमान्यांनी सल्ला दिला तो नोकरी स्वीकारण्याचा. उद्या स्वराज्य आले की राज्यकारभार जाणणारी आपली माणसे लागतील, हा त्यामागचा विचार.

त्यांची नेमणूक मध्यप्रांत-वऱ्हाडात झाली. जमीन महसुलाची फेरआकारणी, जिल्ह्याचा कारभार, सचिवालयातले काम अशा पायऱ्या चढत ते प्रांताच्या अर्थखात्याचे सचिव झाले. मधल्या काळात १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात काम करण्याची संधी त्यांना मिळाली. अर्थकारण ते शिकले ते पुस्तकातून कमी आणि शेतसाऱ्याच्या वह्यांतून जास्त. एखादा शेतकरी किती पिकवतो, किती देऊ शकतो आणि सरकार त्याच्याकडून किती मागते, या तीन आकड्यांचा मेळ घालण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. आकडा मांडायचा तर त्याला आधार हवा आणि निर्णय घ्यायचा तर त्याची रीतसर नोंद हवी, ही सवय त्यांना तिथे लागली आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही.

नोटेवरची पहिली भारतीय सही

१९३९ साली, महायुद्ध तोंडावर असताना, ते रिझर्व्ह बँकेत आले. आधी सरकार आणि बँक यांच्यातले संपर्क अधिकारी, मग केंद्रीय मंडळाचे सचिव, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर, आणि गव्हर्नर सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. पंचम जॉर्जच्या मुलाचे, सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या नोटेवर पहिल्यांदाच एका भारतीयाची सही झळकली, ती या रोह्याच्या मुलाची.

पद मोठे होते, पण काळ कठीण होता. ब्रिटन युद्धासाठी हिंदुस्थानातून माल उचलत होते, आणि त्याचे पैसे इथे न देता लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने हिंदुस्थानच्या खात्यावर जमा दाखवत होते. त्या जमेच्या आधारावर इथे नोटा छापल्या जात होत्या. युद्धाआधी चलनात असलेल्या सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा युद्ध संपताना १२०० कोटींच्या घरात पोचल्या. माल कमी आणि नोटा जास्त, मग महागाई भडकणारच.

लोकांच्या हातातला पैसा कमी करण्यासाठी सरकारने जे मार्ग शोधले, त्यांतला एक थेट आपल्या दाराशी आला. १९४३ साली केंद्र सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला. निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि पलीकडचा कागल हा सगळा विडीच्या तंबाखूचा पट्टा. कालपर्यंत जे पीक शेतकरी आपल्या मर्जीने विकत होता, त्याची आता नोंद द्यावी लागे, परवाना काढावा लागे, आणि कर भरेपर्यंत माल सरकारी देखरेखीच्या वखारीत अडकून पडे. हा कर बसवला तो तेव्हाच्या अर्थसदस्यांनी, सर जेरेमी रेझमन यांनी. चिंतामणराव त्या वेळी बँकेत होते, करधोरण त्यांच्या हाती नव्हते. तरीही निपाणीच्या वखारीतला तंबाखू आणि लंडनच्या खात्यातले पौंड एकाच दोरीने बांधलेले होते, हे आज त्या काळाकडे पाहताना दिसते. युद्धाचा खर्च शेवटी कुणाच्या पोटातून गेला, याचे उत्तर त्या वखारींत होते.

ब्रेटन वुड्स

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स या गावी चव्वेचाळीस राष्ट्रांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा जन्म तिथला. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे प्रमुख रेझमन होते. सोबत सर थिओडोर ग्रेगरी, चिंतामणराव देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ. देश अजून पारतंत्र्यात होता, पण या शिष्टमंडळाने हां जी, हां जी केले नाही.

त्यांच्या मागण्यांत दोन ठळक होत्या. एक, नाणेनिधीच्या उद्दिष्टांत मागासलेल्या देशांच्या विकासाला स्पष्ट जागा असावी. दुसरी, ब्रिटनकडे अडकलेल्या पौंडांच्या रकमेतला काही भाग तरी नव्या निधीमार्फत मोकळा व्हावा. दुसरी मागणी मान्य झाली नाही. तो तुमचा आणि ब्रिटनचा आपसातला मामला, असे ठरले. पण सगळ्या जगासमोर हे देणे मांडले गेल्यामुळे ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड केन्स यांना ते देणे मान्य असल्याचे जाहीरपणे सांगावे लागले. तेव्हा ब्रिटनमध्ये हे कर्ज कापून टाकावे असे म्हणणारेही बरेच होते. १९४६ पर्यंत ही रक्कम १७०० कोटी रुपयांच्या आसपास गेली होती. स्वातंत्र्यानंतर झालेल्या करारांतून ती टप्प्याटप्प्याने मोकळी होत गेली, आणि धान्य, यंत्रे, पोलाद आणण्यासाठी नव्या देशाला उपयोगी पडली.

फाळणी झाली तेव्हा चिंतामणराव गव्हर्नरच होते. सैन्य आणि रेल्वेप्रमाणे रोकड आणि देणीही वाटायची होती. पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक उभी राहीपर्यंत, म्हणजे ३० जून १९४८ पर्यंत, रिझर्व्ह बँक दोन्ही देशांची बँक होती. त्या रक्तबंबाळ महिन्यांत दोन देशांचा हिशेब एका छपराखाली ठेवणे हे काय काम असेल, याची कल्पनाच करावी. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याच वर्षी बँकिंग कंपन्यांचा कायदा आला, आणि जूनअखेर चिंतामणराव पदावरून निवृत्त झाले.

अर्थमंत्री

निवृत्ती फार काळ टिकली नाही. मार्च १९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला, त्यात ते सदस्य होते. याच आयोगाच्या अधिकारांवरून मतभेद होऊन अर्थमंत्री जॉन मथाई बाहेर पडले, आणि १ जून १९५० रोजी नेहरूंनी ते खाते चिंतामणरावांकडे दिले. १९५२ मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले.

पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या काळात आकाराला आली. मूळ आराखडा २०६९ कोटींचा, आणि त्यात शेती व पाटबंधाऱ्यांना मोठे स्थान. त्यांच्याच कारकिर्दीत मथाई यांच्या अध्यक्षतेखाली करचौकशी आयोग नेमला गेला, वारसा मालमत्तेवरचा कर आला, आणि कंपनी कायदा नव्याने लिहिला गेला. लोकसभेत टीकेला उत्तर देताना हा अर्थमंत्री मध्येच संस्कृत श्लोक म्हणे. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत पद्यानुवाद केला होता, तेव्हा त्यात नवल नव्हते.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम म्हणजे १९५५ चे. रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करवली होती. ए. डी. गोरवाला या समितीचे अध्यक्ष होते आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य. पाहणीत आढळले ते असे : शेतकरी जे कर्ज काढतो, त्यातले सहकारी संस्थांकडून मिळते ते जेमतेम ३ टक्के; बहुतेक सगळे सावकार आणि व्यापारी यांच्याकडून. तंबाखूसारख्या खर्चिक पिकासाठी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि माल त्यालाच घालायचा, ही गोष्ट निपाणीच्या शेतकऱ्याला समितीने सांगायची गरज नव्हती. पण आता ती सरकारी अहवालात आली होती. या अहवालातूनच इम्पीरियल बँक सरकारच्या ताब्यात घेऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक स्थापन झाली, आणि पहिल्या पाच वर्षांत लहान गावांकडे ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर कायद्याने घातले गेले.

जानेवारी १९५६ चा एक आठवडा

आता आपल्या भागाकडे येऊ. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो याच बेळगावात, मे १९४६ च्या साहित्य संमेलनात. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते. मागणी एकच होती : मराठी भाषकांचा सलग प्रदेश एका राज्यात असावा. मुंबई आणि बेळगाव या मागणीची दोन टोके होती.

१९५५ च्या शरदात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. मुंबईचे द्विभाषिक राज्य सुचवले गेले, विदर्भ वेगळा ठेवला गेला, आणि बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका सोडून उरलेला जिल्हा कर्नाटकात घालण्याची शिफारस झाली. पुढे दिल्लीत बेत बदलत गेले. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधानांनी नभोवाणीवरून जाहीर केले की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबई पेटली. दुसऱ्याच दिवशी, १७ जानेवारीला, आपल्या सीमाभागात गोळीबार झाला. तो दिवस आपण आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतो.

आणि १९ जानेवारीच्या रात्री त्याच नभोवाणीवरून अर्थमंत्री देशमुखांचा आवाज देशाने ऐकला. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाल्याची ती घोषणा होती. देशी-परदेशी मिळून २४५ विमा कंपन्या आणि संस्था एका वटहुकुमाने सरकारच्या ताब्यात आल्या. यातूनच १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. आज सीमाभागातल्या घराघरांत जी विम्याची पावती असते, तिचे मूळ त्या रात्रीत आहे.

तीन दिवसांच्या अंतराने घडलेल्या या घटना एकत्र ठेवून पाहिल्या की त्या माणसाची कोंडी दिसते. ज्या मंत्रिमंडळाच्या नावाने तो देशाला विश्वास देत होता, त्याच मंत्रिमंडळाच्या राज्यात त्याच्या भाषेची माणसे रस्त्यावर मरत होती.

जूनमध्ये पंतप्रधानांनी मुंबईतच पुन्हा जाहीर केले की शहर पाच वर्षे केंद्रशासित राहील. चिंतामणराव जुलैत बाहेर पडले, आणि २५ जुलैला त्यांनी लोकसभेत निवेदन केले. त्यातले दोन मुद्दे महत्त्वाचे. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला, हा एक. मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हा दुसरा. महाराष्ट्राविषयी मनात आकस असल्याचा आरोपही त्यांनी केला. पंतप्रधानांनी धोरण जाहीर करण्याचा आपला अधिकार असल्याचे उत्तर दिले.

राजीनामा कशासाठी?

इथे थोडे थांबून नीट पाहिले पाहिजे. आपल्या भाषणांतून कधीकधी असे बोलले जाते की चिंतामणरावांनी बेळगावसाठी मंत्रिपद सोडले. तसे नाही. राजीनाम्याचे कारण मुंबई होते. बेळगाव-निपाणीचा निर्णय आयोगाच्या शिफारशीत होता. त्यावर दिल्लीत कुणी खुर्ची सोडली नाही. राजीनाम्यानंतर महिन्याभरात मुंबईसह मोठ्या द्विभाषिक राज्याचा तोडगा निघाला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो अमलात आला. मुंबईचा प्रश्न निम्मा सुटला. त्याच दिवशी, मुंबई इलाख्याचा शतकाहून अधिक काळ भाग असलेला आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आपण बाहेरच राहिलो.

तरीही सीमाभागाने चिंतामणरावांना आपले मानले, आणि ते योग्यच होते. कारण त्यांचा आक्षेप निर्णयाच्या रीतीवर होता. संबंधितांशी न बोलता, नोंद न ठेवता, चौकशी न करता लोकांचे भवितव्य ठरवू नये, हे त्यांचे म्हणणे. आपली तक्रार यापेक्षा वेगळी कुठे आहे? अख्खा जिल्हा हा घटक धरला गेला. गावागावातली भाषा कुणी विचारली नाही. पुढे महाराष्ट्राने जे चार निकष मांडले, खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा, ते खरे तर आकड्यांना आधार आणि लोकांना आवाज मागणारे निकष आहेत. शेतसाऱ्याच्या वहीतही गाव हाच घटक असतो, हे मध्यप्रांतात वसुलीचे काम केलेल्या अधिकाऱ्याला पटवून सांगावे लागले नसते.

सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग आला. १९६७ च्या अहवालात निपाणी आणि खानापूर धरून २६४ गावे महाराष्ट्रात द्यावीत, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच राहावे, असे म्हटले गेले. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

नंतरची वर्षे

मंत्रिपद सोडल्यावर चिंतामणराव घरी बसले नाहीत. १९६१ पर्यंत विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, १९६२ ते ६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीतले प्रमुख. १९५९ मध्ये सरकारी सेवेसाठीचा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून ते हरले. १९७५ मध्ये पद्मविभूषण झाले.

त्यांच्या पहिल्या पत्नी इंग्रज होत्या; त्यांच्या निधनानंतर १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई तेलुगू, घटना समितीच्या सदस्य, समाजकार्यात आयुष्य घातलेल्या. उतारवयात चिंतामणराव हैदराबादला राहिले, आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचा संसार तेलुगू घरात सुखाने झाला. आपल्या भाषेचा हक्क मागणे म्हणजे दुसऱ्याच्या भाषेचा दुस्वास नव्हे, हे कन्नड शेजाऱ्यांसोबत गणपतीची आरती म्हणणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको.

सीमाभागातली तरुण मुले आज मोठ्या संख्येने बँका, विमा आणि सरकारी परीक्षांची तयारी करतात. त्यांनी ज्या संस्थांत नोकरी धरायची, त्यांतल्या कित्येक या एका माणसाच्या हाताखालून गेल्या आहेत. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करताना त्यांना २५ जुलै १९५६ च्या त्या निवेदनाचीही माहिती द्यावी. लोकसभेच्या कामकाजात ते छापलेले आहे. ते संपूर्ण वाचावे, नेहरूंच्या उत्तरासकट. आपली बाजू भाषणाने जितकी उभी राहते, त्याहून जास्त ती कागदाने उभी राहते, आणि आपला दावा अजून न्यायालयात आहे.